कच्चे नियम खेळताना: पब्लिक प्लेटेस्टला पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळ तुम्ही थोडाफार खेळला आहात. कॅरेक्टर शीट भरता येतं, डी-२०, म्हणजे वीस बाजूंचा फासा, कधी टाकायचा ते कळतं. आणि आता ग्रुपवर कुणीतरी एक पीडीएफ टाकलीय: "भावा, नवा क्लास आलाय, फुकट हाय, रविवारी खेळूया." (क्लास म्हणजे पात्राचा प्रकार: लढवय्या, जादूगार वगैरे.) फाइलच्या डोक्यावर 'प्लेटेस्ट', म्हणजे कच्चे नियम खेळून बघण्यासाठी, असं ठळक छापलेलं असतं, पण तिकडे कुणी बघत नाही. रविवारी खेळ होतो, नियम 'लई भारी' किंवा 'अगदीच पाणचट' ठरतो आणि फाइल फोनमध्ये पडून राहते. ती फाइल खरं तर तुमच्याकडून काहीतरी मागत असते. ते काय, आणि कोल्हापुरात बसून ते कसं द्यायचं, ते पायरीपायरीने सांगतो.

आधी थोडं मागचं

छापण्याआधी नियम खेळून बघायची पद्धत या खेळाइतकीच जुनी आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली बाजारात आला, त्याआधी तो त्यांच्या ओळखीपाळखीच्या मंडळींनी भरपूर खेळून झिजवला होता. पण तो सगळा घरचा कारभार. आजही बहुतेक प्रकाशक पहिली चाचणी बंद दाराआड, गुप्ततेच्या करारावर सही घेऊनच करतात. पब्लिक प्लेटेस्टमध्ये ते दार उघडतं. अर्धवट नियम कुणालाही फुकट मिळतात, लोक खेळतात, मत कळवतात आणि त्यावरून पुढचा मसुदा तयार होतो.

हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं ते पायझो कंपनीने. २००८ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ची चौथी आवृत्ती येत होती आणि जुन्या ३.५ आवृत्तीच्या नियमांवर खेळणारा मोठा वर्ग नाराज होता. पायझोने त्याच जुन्या नियमांची डागडुजी करून मार्च २००८ मध्ये 'पाथफाइंडर' या खेळाचा अल्फा, म्हणजे पहिला, मसुदा खुला केला, ऑगस्टमध्ये बीटा, म्हणजे त्यापुढचा मसुदा, आणला आणि ऑगस्ट २००९ मध्ये पक्कं पुस्तक काढलं. मग 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या मालकांनी, म्हणजे विझार्ड्स ऑफ द कोस्टने, तीच वाट धरली. मे २०१२ मध्ये 'डी अँड डी नेक्स्ट' नावाने मसुदे येऊ लागले, पावणेदोन लाखांहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं आणि २०१४ साली पाचवी आवृत्ती आली.

यात जाहिरात असते हे उघड आहे. ज्या नियमासाठी तुम्ही चार रविवार घालवलेत, ते पुस्तक तुम्ही विकत घेणारच, हे प्रकाशकालाही कळतं. तरीही लोकांच्या मतावरून नियम खरोखर बदललेले आहेत, काही तर पार गाडले गेले आहेत. त्याची उदाहरणं पुढे येतील.

पहिली पायरी: पॅकेट काय विचारतंय ते वाचा

प्रत्येक पॅकेटच्या, म्हणजे अशा फाइलच्या, सुरुवातीला अर्धं-एक पान प्रस्तावना असते. तीच वगळून लोक थेट तक्त्यांवर उडी मारतात. त्या पानावर सहसा तीन गोष्टी असतात: हे नियम कोणत्या मूळ पुस्तकासोबत खेळायचे, कोणता भाग नवा आहे, आणि मत कधीपर्यंत कळवायचं.

काही वेळा पॅकेटसोबत कथानकही येतं, आणि ते मुद्दाम ठरावीक जागी ताण देण्यासाठी लिहिलेलं असतं. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीचा प्लेटेस्ट ऑगस्ट २०१८ मध्ये सुरू झाला, तेव्हा 'डूम्सडे डॉन' नावाचं सात भागांचं कथानक दिलं होतं. पहिल्या लेव्हलपासून सतराव्यापर्यंत. पहिल्या, चौथ्या आणि सातव्या भागात तीच मुख्य पात्रं, मधल्या भागांत दर वेळी नवी. एकच लाडकं कॅरेक्टर वाढवत न्यायची सवय असलेल्यांना हे जड गेलं असणार. पण लेखकांना वरच्या लेव्हलचे नियम तपासून हवे होते, आणि साध्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे एकाच ग्रुपच्या लांबत जाणाऱ्या कथेत, तिथपर्यंत कोण पोचतं? आपल्याकडची बरीच कॅम्पेन परीक्षा आल्या की तिसऱ्या-चौथ्या लेव्हललाच वारतात.

मुदतीकडेही लक्ष ठेवा. अमेरिकेत ऑगस्टच्या आसपास या खेळांचा मोठा मेळा भरतो, त्यामुळे कित्येक मोठे प्लेटेस्ट त्याच सुमारास सुरू झाले आहेत. आपल्याकडे तेव्हा पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकत असते, आणि शिरोळ-करवीरच्या गावांतून येणारा गडी रस्ता बंद म्हणून अडकतो. अशा दिवसांत खेळ व्हिडिओ कॉलवर लावा आणि तसं लिहून ठेवा, कारण ऑनलाइन आणि समोरासमोर खेळताना वेळ सारखा लागत नाही.

दुसरी पायरी: टेबल जमवा

चार खेळाडू आणि एक गेम मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा, पुरतात. त्यात एक तरी नवखा हवा आणि एक तरी नियमांचा किडा हवा. नवख्याला कुठे कळेनासं होतं आणि किड्याला कुठे फट सापडते, दोन्ही लागतं.

जागेचं म्हणाल तर रंकाळ्याच्या काठावर संध्याकाळी बसायचा मोह होतो, पण तिथला वारा कॅरेक्टर शीट थेट पाण्यात पोचवतो. राजारामपुरीतल्या कॅफेत दर तासाला काहीतरी मागवावं लागतं आणि शेजारच्या टेबलावरचा वाढदिवस तुमच्या गूढ भुयारात शिरतो. कुणाच्या तरी घरची वरची खोली सगळ्यात बरी. जेवण मात्र खेळ संपल्यावर. तांबडा-पांढरा मध्ये आला की पुढचा तासभर कुणी फासा टाकत नाही.

पॅकेट छापायचं तर दोन प्रती काढा, एक गेम मास्टरला, एक टेबलाच्या मध्यात. डी-२० नसेल तर ऑनलाइन मागवा किंवा फोनवरचं ॲप वापरा. तेही नको असेल तर १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात घालून काढा. फक्त काढलेली चिठ्ठी दर वेळी परत आत टाका, नाहीतर पुढच्या चिठ्ठीची शक्यता बदलते आणि तुम्ही भलत्याच नियमाची चाचणी करत बसता.

खेळ सुरू होण्याआधी एकाला नोंदी ठेवायचं काम द्या. गेम मास्टरला नको, त्याला आधीच दहा व्याप असतात.

तिसरी पायरी: छापलंय तसंच खेळा

ही पायरी सगळ्यात अवघड. प्रत्येक ग्रुपचे आपापले घरगुती नियम असतात: सलग दोनदा एक पडला तर तलवार हातातून सुटते, उत्तम संवाद म्हटला तर फासा टाकायची गरज नाही. प्लेटेस्टच्या दिवशी ते सगळे बंद. नियम वाचून "हे चुकीचं आहे, आपण असं करूया" म्हणायची इच्छा होईल, तेव्हा तर नक्कीच बंद. तुम्ही आधीच दुरुस्त केलेल्या नियमाबद्दल मत दिलंत तर लेखकाच्या हाती काहीच लागत नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये विझार्ड्सने 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या नव्या नियमांचं पहिलं पॅकेट काढलं. त्यात डी-२० वर नैसर्गिक १ पडला की अपयश आणि २० पडला की यश, हा नियम हल्ल्यापुरता न ठेवता कौशल्याच्या चाचण्यांनाही लावला होता. वाचताना मजेशीर वाटतं, आणि कित्येक टेबलं वर्षानुवर्षं असंच खेळत होती. आता पाच जणांचा गट पहाऱ्यासमोरून चोरपावलांनी निघालाय आणि प्रत्येकाला फासा टाकायला सांगितलाय. एकाला तरी १ पडण्याची शक्यता २२.६ टक्के येते. म्हणजे गट कितीही तरबेज असला तरी साधारण दर चौथ्या-पाचव्या वेळी कुणीतरी हमखास धडपडणार. हे वाचून सहज लक्षात येत नाही, पण पाच जणांना एका संध्याकाळी तीनदा लपायला लावलं की लगेच दिसतं. त्या पॅकेटनंतर हा नियम मागे पडला.

त्याच पॅकेटमध्ये २० पडल्यावर खेळाडूला 'इन्स्पिरेशन', म्हणजे पुढे खर्च करायची एक जादा संधी, मिळायचं. पुढच्या पॅकेटमध्ये तेच उलटं करून बघितलं: १ पडला की मिळेल, पडलेल्याला दिलासा म्हणून. २०२४ च्या पक्क्या पुस्तकात दोन्ही गेले, आणि इन्स्पिरेशन खर्च करून फासा पुन्हा टाकायची मुभा राहिली. एकाच नियमाच्या दोन उलट बाजू मुद्दाम खेळायला देतात हे लक्षात असू द्या. दुसरं पॅकेट आल्यावर "ह्यांचं काय ठरतच नाही" म्हणून चिडायचं कारण नाही, दोन्ही बाजू टेबलावर कशा चालतात तेच त्यांना बघायचं असतं.

चौथी पायरी: काय झालं ते लिहा

नोंदवहीत मत लिहायचं नाही, घटना लिहायच्या. लढाई किती वाजता सुरू झाली, किती वाजता संपली, किती फेऱ्या झाल्या. कोणता नियम बघायला कितीदा पॅकेट उघडावं लागलं. खेळाडूला काय करायचं होतं आणि नियमाने ते कुठे अडवलं. आपली पाळी येईपर्यंत कुणी फोन हातात घेतला. शेवटची नोंद फार मोलाची, आणि ती लपूनच करावी लागते.

फेब्रुवारी २०२३ च्या पॅकेटमध्ये ड्रूइड या निसर्गाची जादू वापरणाऱ्या क्लासचं प्राण्याचं रूप घेणं बदललं होतं. आधी खेळाडू अस्वल, कोळी, लांडगा अशा प्रत्येक प्राण्याचे आकडे पुस्तकात शोधायचा. नव्या मसुद्यात जमीन, पाणी आणि आकाश असे तीनच साचे दिले, दिसायला प्राणी कोणताही घ्या. कागदावर कल्पना सुटसुटीत होती, नवख्याचा शोधाशोधीचा वेळ वाचणार होता. त्यावर दोन प्रकारे लिहिता येतं. पहिला प्रकार: "ड्रूइडची पार वाट लावली." दुसरा:

"लेव्हल ५, चार खेळाडू, पावणेतीन तास. ड्रूइडने लढाईत दोनदा रूप घेतलं. पहिल्यांदा म्हणाला लांडगा. दुसऱ्या वेळी कोणता प्राणी ते त्याने सांगितलंच नाही आणि कुणी विचारलंही नाही. आकडे तेच होते."

ही नोंद काल्पनिक आहे, पण नमुना म्हणून समोर ठेवा. "कुणी विचारलंही नाही" या तीन शब्दांत लेखकाला हवं ते सगळं आलं. पक्क्या पुस्तकात ड्रूइडला पुन्हा खऱ्या प्राण्यांचे आकडे मिळाले. फक्त ठरावीक रूपं आधीच निवडून ठेवायची अट आली, म्हणजे शोधाशोधीची मूळ तक्रारही ऐकली गेली.

पाचवी पायरी: थोडं गणित

एका संध्याकाळचे फासे खोटं बोलतात. "हा क्लास फारच जबरदस्त आहे" असं वाटण्याचं कारण त्या दिवशी त्याला तीनदा २० पडले एवढंच असू शकतं. म्हणून मत बनवण्याआधी वहीच्या मागच्या पानावर शक्यता काढून बघा.

पाचव्या आवृत्तीच्या प्लेटेस्टमधला लोकप्रिय ठरलेला नियम 'ॲडव्हांटेज' घ्या: दोन डी-२० टाका, मोठा आकडा धरा. ११ किंवा जास्त हवे असतील तर एका फाशाने शक्यता ५० टक्के, दोघांनी ७५. म्हणजे जवळपास +५ मिळाल्यासारखं. पण २० च हवा असेल तर ५ वरून ९.७५ टक्के, म्हणजे जेमतेम +१. मध्यावर भरपूर मदत, टोकाला नावाला. शिवाय आधीच्या आवृत्त्यांमधली उंचावर उभं असल्याचे इतके, शत्रू आडवा पडल्याचे तितके ही बेरीज वाचते. टेबलावर हात आखडत नाही हे खरं, पण का आखडत नाही ते गणिताने कळतं.

गणिताची भीती असेल तर नियमांच्या किड्याला हे काम द्या. त्याला तेवढंच निमित्त हवं असतं.

सहावी पायरी: सर्व्हे भरा, आणि इलाज सांगायचा मोह आवरा

विझार्ड्सच्या पद्धतीत पॅकेट आल्यावर काही दिवसांनी सर्व्हे उघडतो. मधला वेळ खेळण्यासाठी असतो. टेबलातर्फे एकच फॉर्म भरू नका, प्रत्येकाने आपला भरा आणि भरण्याआधी फार चर्चा करू नका. नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचंच मत पाच वेळा जातं. जे खेळला नाहीत तिथे 'खेळलो नाही' हा पर्याय निवडा. नुसतं वाचून दिलेलं मत त्यांना नको असतं असं नाही, पण ते वेगळं मोजता यायला हवं.

समाधानाची टक्केवारी कशी वापरतात हे तेव्हाचे मुख्य नियमलेखक जेरेमी क्रॉफर्ड यांनी उघडपणे सांगितलं होतं: साधारण ७० टक्के किंवा जास्त लोक समाधानी असतील तर वाट बरोबर, ८० च्या वर असेल तर उत्तमच. मला ही पट्टी अर्धीच पटते. तिच्यामुळे खराब नियम गळतात, पण विचित्र आणि धाडसी नियमही गळतात, कारण विचित्र गोष्ट पहिल्याच भेटीत दहातल्या सात जणांना क्वचित आवडते. 'मिस्टिक' हा मनःशक्तीवाला क्लास २०१५ पासून काही मसुद्यांतून फिरला आणि स्वतंत्र क्लास म्हणून कधीच छापला गेला नाही. २०२३ मध्ये वॉरलॉक या जादूवाल्या क्लासच्या मंत्रांची पद्धत बदलून पाहिली, तीही जुन्या वळणावर परतली. तुम्हाला एखादी वेडी कल्पना खरंच आवडली असेल तर गप्प बसू नका. नाराज माणूस फॉर्म भरतोच, खूश माणूस मिसळ खायला निघून जातो.

आता इलाजाचं. रिकाम्या चौकटीत आपण लगेच लिहायला बसतो: "याला डी-८ ऐवजी डी-१० द्या." लिहा हवं तर, पण त्याआधी दुखणं लिहा. पाथफाइंडर २ च्या प्लेटेस्टमध्ये 'रेझोनन्स' नावाचा साठा होता: लेव्हल अधिक करिष्म्याचा आकडा, एवढे पॉइंट रोज. जादूची वस्तू चालवायला पॉइंट, औषधाची बाटली प्यायलाही पॉइंट. जुन्या नियमांत स्वस्तातली जखमा भरायची कांडी विकत घेऊन लोक प्रत्येक लढाईनंतर ठणठणीत व्हायचे, त्याला हा लगाम होता. लोक कडाडले. रांगडा लढवय्या, करिष्मा बेताचा, म्हणून त्याने औषधही मोजून प्यायचं? रेझोनन्स गेला. पण कांडीचं मूळ दुखणं लेखकांनी सोडलं नाही. २०१९ च्या पुस्तकात अंगावर धारण करायच्या जादुई वस्तूंना दिवसाला दहाची मर्यादा आली आणि कांड्या दिवसातून एकदा चालवायच्या झाल्या. जखमा बांधण्याचं काम वैद्यकीच्या कौशल्याकडे गेलं, आणि हा बदल तर प्लेटेस्ट चालू असतानाच झाला होता. ज्यांनी "औषध प्यायला पॉइंट जातो म्हणून आमच्या लढवय्याने बाटली झोळीतच ठेवली आणि मेला" असं लिहिलं असेल, त्यांचं पत्र कामी आलं असणार.

सातवी पायरी: पुढचं पॅकेट जुन्याशेजारी ठेवून वाचा

जुनी पॅकेटं पुसू नका. तारखेनुसार फोल्डर करा आणि नवं आल्यावर दोन्ही शेजारी उघडा. नियम कसे लिहितात हे शिकायला यासारखी शाळा नाही. 'डॅगरहार्ट' या दुसऱ्या रोलप्लेइंग खेळाचा खुला बीटा मार्च २०२४ मध्ये सुरू झाला. तेव्हा खेळाडूंच्या प्रत्येक कृतीगणिक एका पट्टीवर टोकन ठेवायचं होतं, आणि गेम मास्टर ती खर्चून आपली चाल करायचा. मधल्या मसुद्यात ती पट्टीच काढून टाकली. २०२५ च्या पुस्तकात फासा फसला किंवा टाकलेल्या दोन फाशांपैकी 'फिअर'चा वरचढ ठरला की चाल गेम मास्टरकडे जाते. ठेवायची वस्तू गेली, ताण राहिला. असे बदल शोधायची सवय लागली की तुमचे पुढचे अभिप्राय आपोआप धारदार होतात.

आणि स्वतःचे नियम लिहायचे असतील तर

कोल्हापुरात हे लवकरच होतं. दुसरं-तिसरं पॅकेट खेळून झालं की कुणीतरी ताराराणींच्या काळातली कॅम्पेन काढतो, कुणी खासबागच्या मातीतल्या कुस्तीसाठी डावपेचांचे नियम लिहितो. पाया म्हणून पाचव्या आवृत्तीचा नियमसंच वापरता येतो. जानेवारी २०२३ मध्ये विझार्ड्सने आपल्या नियमांवर इतरांनी पुस्तकं काढायच्या परवान्याचा नवा मसुदाही प्लेटेस्टसारखाच सर्व्हेला लावला, पंधरा हजारांहून जास्त उत्तरं आली आणि ८८ टक्के लोकांनी त्याखाली काही प्रकाशित करायचं नाही असं सांगितलं. त्याच महिन्याच्या २७ तारखेला कंपनीने माघार घेतली आणि एसआरडी ५.१ हा पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली मोकळा केला. श्रेय दिलं की त्यावर बांधकाम करता येतं, मराठीतसुद्धा. एसआरडीत नसलेली पात्रं आणि राक्षस मात्र उचलू नका.

स्वतःच्या नियमांची पहिली चाचणी आपल्या ग्रुपवर करा, पण तिच्यावर विसंबू नका. मित्र तुमचं तोंड बघून नियम समजून घेतात. खरी चाचणी म्हणजे कागद अनोळखी टेबलाला द्यायचे आणि आपण कोपऱ्यात तोंड मिटून बसायचं. उद्यमनगरात नव्या पॅटर्नचं पहिलं कास्टिंग उभं कापून आत पोकळी राहिलीय का बघतात, तसं हे कापणं आहे. विद्यापीठाच्या हॉस्टेलवरची चार पोरं तुमची कुस्ती खेळताना "धोबीपछाड मारल्यावर उठायला किती फेऱ्या लागतात?" म्हणून अडतील, आणि उत्तर पानावर नसेल. सांगू नका. त्यांना ठरवू दे, काय ठरवलं ते लिहून घ्या. कित्येकदा ते तुमच्यापेक्षा चांगलं ठरवतात, मग तेच छापा.

त्यांना वेगळा फॉर्म नको. खेळ संपल्यावर तीन प्रश्न विचारा: कुठे अडलात, कुठे कंटाळलात, कोणता क्षण उद्या दुसऱ्याला सांगाल? तिसऱ्याला उत्तर आलं नाही तर बाकीच्या दुरुस्त्या थांबवा आणि आधी तेवढंच बघा.

आणि प्रत्येक पानाच्या तळाशी मसुद्याचा क्रमांक आणि तारीख छापा. झेरॉक्स फिरत राहतात. सहा महिन्यांनी कागलहून कुणीतरी फोन करून विचारेल की पकडीतून सुटायला डी-१२ का टाकायचा, आणि तो नियम तुम्ही तिसऱ्या मसुद्यातच काढलेला असेल.